आजचे थेंब

११ जानेवारी, शनिवार. उणे १९ अंश.

वर्षभर कोरी पडलेली ही वही आज उघडली, कारण मोजायला काहीतरी मिळाले आहे.

रायमोमामाच्या गाडीचे इंजिन तेल पिते. आठशे किलोमीटरला एक लिटर. हे त्याने आपणहून सांगितले नाही. शेडमध्ये सात रिकामे डबे ओळीने मांडलेले दिसले, तेव्हा मी विचारले. "पितं थोडं," तो म्हणाला. "म्हातारपणी कोण पीत नाही?" तो स्वतः कॉफीशिवाय काही पीत नाही.

गाडी जपानी, पेट्रोलवर चालणारी, इंग्लंडहून आणलेली, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. खेड्यांत टपाल वाटणाऱ्याला अशीच सोयीची पडते. पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात. काच खाली केली की पत्र आत. किलोमीटरचा आकडा ४,८७,३१०. मामा एकतीस वर्षे हाच फेरा करतो आहे. रोज चौऱ्याण्णव किलोमीटर, एकशे बारा पेट्या. ३० एप्रिलला तो निवृत्त होईल.

अडचण अशी : गाडीची वार्षिक तपासणी १४ मार्चच्या आत करायची आहे. गेल्या वर्षी धुराच्या चाचणीत ती काठावर सुटली. यंदा निळा धूर मला स्वयंपाकघरातूनही दिसतो. नापास झाली, तर सात आठवड्यांसाठी कोणी नवी गाडी घेत नाही. फेरा शहरातल्या बदली माणसाकडे जाईल आणि मामाचा शेवटचा दिवस मार्चमध्येच येऊन जाईल, कोणाला न कळता. हे त्याने एकदाच सांगितले, अंगणातला बर्फ ओढता ओढता, माझ्याकडे न बघता.

मी कायानी शहरातल्या एका प्रयोगशाळेत जंगलात लाकूड तोडणाऱ्या यंत्रांचे वापरलेले तेल तपासते. दुसऱ्यांच्या इंजिनांची रक्ततपासणी करायची, हेच माझे काम. मामाच्या इंजिनाचा नमुना मात्र नोकरीच्या चार वर्षांत एकदाही घेतलेला नाही. आज घेतला. शंभर मिलिलिटर.

१४ जानेवारी, मंगळवार

अहवाल. गाळ फार. लोखंड मर्यादेत, म्हणजे झीज बेताची. इंजिन म्हातारे आहे त्यापेक्षा मळलेले जास्त. पिस्टनच्या रिंगा काजळीने खाचेत चिकटल्या असाव्यात. मग तेल वर चढते, जळते आणि निळा धूर होतो.

अशा इंजिनासाठी दुकानात बाटल्या मिळतात. एक पेट्रोलच्या टाकीत ओतायची, दुसरी तेलात. आमच्या प्रयोगशाळेत त्यांना हसतात. मीही हसत आले आहे. पण लेबलावरची जाहिरात बाजूला ठेवून आतले घटक वाचले, तर पेट्रोलमधले रसायन खरेच काजळी सोडवते. तेलातले म्हणजे मुख्यतः पातळ द्रावक. तेही गाळ सोडवते. सोडवलेला गाळ जातो कुठे, हा प्रश्न लेबलावर नसतो.

१८ जानेवारी, शनिवार

पहिली बाटली टाकीत. मामा कान टवकारून उभा राहिला, जणू इंजिन आता खोकेल. मग म्हणाला, "पोरी, मला एक सांग. पाच लाख किलोमीटरची घाण आहे. ती गाडीचा भागच झाली असेल तर?"

मी सांगितले, घाण हा गाडीचा भाग नसतो.

"तुझ्या खोलीतल्या भिंतीवरचे खडूचे आकडे मी पुसले नाहीत," तो म्हणाला. "ते काय, भिंतीचा भाग आहेत?"

सहा ते दहा वर्षांची होईपर्यंत मी इथे राहिले. आई तेव्हा स्वीडनमध्ये कारखान्यात होती. वरच्या खोलीच्या भिंतीवर मी रोजचे तापमान लिहीत असे. मी टाकीचे झाकण लावले; तो विषय वेगळा होता.

१ फेब्रुवारी, शनिवार. उणे १२.

दोन टाक्या संपल्या. धूर थोडा कमी वाटतो; 'वाटतो' हे मोजमाप नव्हे. आता तेलातली बाटली.

हे काम मी आणि मामा मिळून उद्या करायचे असे ठरवले होते. पण रविवारी तो पाना हातात घेत नाही, हे मी विसरले होते. मग सोमवारी पहाटे, मी असतानाच, असे ठरले. जेवायला सामन माशाचे सूप होते. सूप वाढता वाढता त्याने विचारले, उन्हाळ्यात वरची खोली हवी का. मग विचारले, तो योनास अजून तुझ्याबरोबर आहे का. नाही, म्हणाले. बरं, तो म्हणाला, आणि माझ्या ताटलीत आणखी एक बटाटा घातला.

मी सांगितले की उद्या मला ड्युटी आहे, आत्ताच निघावे लागेल. ड्युटी नव्हती.

सूचना कागदावर लिहून दिल्या :
१. इंजिन गरम असताना बाटली तेलात ओत.
२. पंधरा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालू ठेव.
३. या वेळात गाडी चालवू नकोस.
४. लगेच तेल काढ, फिल्टर बदल, नवे तेल भर.

त्याने कागद दोनदा वाचला आणि फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावला. तीस वर्षे तो स्वतः तेल बदलतो आहे. माझी गरज नव्हती.

३ फेब्रुवारी, सोमवार. उणे १७.

आठला प्रयोगशाळेत फोन. हिल्क्काआजी. या मामाच्या फेऱ्यावरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई. त्यांनी मला आयुष्यात कधी फोन केलेला नाही.

"तुझा मामा माझी घसरखुर्ची घेऊन गेलाय," त्या म्हणाल्या. "गाडी माझ्या दारात बंद पडलीय. तू येतेयस, की मी नुसतीच सांगतेय?"

घसरखुर्ची म्हणजे लांब पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागे उभे राहून एका पायाने रेटायची. म्हाताऱ्या बायका तीवरून दुकानात जातात. मामाने खुर्चीवर टपालाची पेटी बांधली आणि पुढच्या सहा पेट्या तशाच केल्या. तिथून आर्तोच्या, म्हणजे हिल्क्काआजींच्या मुलाच्या पिकअपने उरलेला फेरा. सगळ्यांचे टपाल पोचले. तीन तास उशिरा.

मामाला फोन केला. "दिवा लागला," तो म्हणाला. तेलाच्या दाबाचा लाल दिवा. "किल्ली लगेच फिरवली. चार सेकंद."

"मला का नाही कळवलंस?"

"तू कामावर होतीस."

उद्या रजा घेतली आहे. झोपायच्या आधी त्याला काय बोलायचे, त्याची यादी केली. सहा मुद्दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आर्तोच्या शेडमध्ये गाडी. शेड गरम असते, ट्रॅक्टरमुळे. आर्तोच्या पिकअपने फेरा संपवून मामा तिथे आला तेव्हा मी गाडीखाली होते. पहिला मुद्दा काढला : माझा कागद वाचला होतास ना?

वाचला होता. त्याने घडले ते क्रमाने सांगितले. इंजिन हीटरने गरम झालेले होते. बाटली ओतली. इंजिन सुरू केले. मग घड्याळ बघितले.

"कायद्यानं गाडी उभी ठेवून इंजिन दोन मिनिटं चालू ठेवता येतं," तो म्हणाला. "उणे पंधराच्या खाली चार. उणे सतरा होतं, म्हणून चार मिनिटं ठेवलं. तू लिहिलंस पंधरा. टपालाचं जाकीट घालून अंगणात पंधरा मिनिटं धूर काढायचा? मी?"

अंगणापासून सर्वांत जवळचे घर चारशे मीटरवर आहे, हे मी सांगितले. त्याने काही फरक पडला नाही.

"अकरा मिनिटं उरली होती," तो म्हणाला. "आणि आर्तोचं शेड अकरा मिनिटांवर आहे. हिशेब बरोबर बसत होता. इथं ऊब पण आहे. तेल इथंच काढलं असतं."

"मग अकरा मिनिटांत पोचला का नाहीस?"

उत्तर आर्तोने दिले, चाकावर बसून, सफरचंद खाता खाता. "वाटेत एकोणतीस पेट्या आहेत ना."

म्हणजे असे : सीटवर टपाल होते आणि पेट्या उजव्या हाताला येत होत्या. टपाल असताना पेटीवरून तसेच पुढे जाणे मामाला जमले नाही. तो प्रत्येक पेटीपाशी थांबला. पातळ झालेले तेल, सुटलेला गाळ आणि तेविसाव्या, म्हणजे हिल्क्काआजींच्या, पेटीपर्यंत पन्नास मिनिटे.

"तिसरी ओळ मोडली मी," तो म्हणाला. "कागद की कायदा, एक मोडावंच लागणार होतं. सरकारचं मोडण्यापेक्षा तुझं मोडलेलं बरं. तू घरची."

उरलेले पाच मुद्दे मी काढले नाहीत.

"निदान फोन करून विचारायचं," एवढे म्हणाले.

"कामावर फोन करू नको, तूच सांगितलं होतंस."

"चार वर्षं झाली त्याला. मी तेव्हा नवी होते. नेमकी साहेबांसमोर बसले होते."

"कधीपर्यंत करू नको, ते सांगितलं नव्हतंस."

आर्तो सफरचंदाचा गाभा टाकायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

आम्ही इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला. तेल खेचणारी जाळी तळाशी जळलेल्या कॉफीसारख्या काळ्या चुऱ्याने गच्च भरली होती. मी चिमट्याने काढत गेले, मामा ब्रशने धूत गेला. काढलेल्या तेलातून चुंबक फिरवला. लोखंडाचा कीस नाही. चार सेकंद खरे होते. इंजिन वाचले ते त्याच्या आज्ञाधारक हातामुळे, आणि अडकले तेही त्यामुळेच.

नोंद, कारण वही खासगी आहे : चूक प्रक्रियेची नव्हती. मी शनिवारी निघून गेले नसते, तर पंधरा मिनिटे मी स्वतः किल्लीपाशी बसले असते. कायदा मी मोडला असता. तो मला मोडता येतो. मी ती पंधरा मिनिटे त्याच्या शेजारी बसायचे टाळले.

५ फेब्रुवारी, बुधवार

रात्री वरच्या खोलीत राहिले. खडूचे आकडे आहेत. १९९७ च्या जानेवारीत एका दिवशी मी उणे चाळीस लिहिले आहे आणि त्यापुढे मोठ्या माणसाच्या अक्षरात : 'नाही, ३८. पण लिहू दे.' हे पूर्वी वाचल्याचे आठवत नाही.

सकाळी गाडी सुरू झाली. दाब ठीक. आवाज ठीक. पण तासाभराने इंजिनाच्या मागच्या बाजूने जमिनीवर थेंब. जुने तेलाचे सील आकसलेले आहे. इतकी वर्षे गाळानेच ती फट बुजवली होती. मामा 'बघ' म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरे झाले असते.

सील बदलायचे तर इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतील, म्हणजे फेऱ्याचा आठवडा जाईल. दुसरा उपाय, तिसरी बाटली : सील मऊ करून किंचित फुगवणारे रसायन. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे. या वेळी मी सगळे समजावून सांगितले, काय काय बिघडू शकते तेही, आणि विचारले, ओतायची का.

मामाने बाटली उजेडात धरून बघितली. "एक आणली घाण काढायला. आता ही दुसरी, घाणीचं काम करायला."

"हो. तेच."

"घाणीला पगार कमी लागायचा," तो म्हणाला, आणि झाकण स्वतः उघडले.

निघताना नियम ठरवून दिला : रोज रात्री गाडीखाली नवा वर्तमानपत्राचा कागद, सकाळी थेंब मोजायचे आणि मला सात वाजून दहा मिनिटांनी फोनवर आकडा सांगायचा. मी कामावर साडेसातला बसते.

"कधीपर्यंत?" त्याने विचारले. तो आता शिकला आहे.

"मी थांब म्हणेपर्यंत."

१० फेब्रुवारी, सोमवार

१४.

१७ फेब्रुवारी, सोमवार

११. मामा शनिवार-रविवारीही फोन करतो, सात दहालाच. रविवारी थेंब मोजणे हे काम नाही का, असे विचारले. मोजणं हे बघणं आहे, तो म्हणाला, आणि बघायला रविवारी बंदी नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

९. शिवाय : कोल्हा अंगणात आला होता, आर्तोच्या गाईला वासरू झाले. ही माहिती मागितलेली नव्हती.

३ मार्च, सोमवार

६. तेलाचा खप हजार किलोमीटरला पाऊण लिटर. सुधारणा आहे. चमत्कार नाही.

१३ मार्च, गुरुवार

तपासणी. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन केंद्रावर पोचले. मामा टपालाच्या जाकिटात, केस पाण्याने बसवलेले. गाडी धुतली होती, उणे आठमध्ये.

तपासनीस तरुण होता, फार बोलणारा नव्हता. धुराची नळी लावली. मी पडद्याकडे बघत होते, मामा जमिनीकडे. मर्यादा १००. गेल्या वर्षी ९६. यंदा ७१.

मग गाडी वर उचलली. बॅटरीच्या उजेडात तपासनीस मागच्या सीलकडे बराच वेळ बघत राहिला. इंजिनाखाली तेलाचा ओलावा, असे लिहावे लागेल, म्हणाला. मामाने खिशातून पाकिटांचा गठ्ठा काढला. वापरलेली पाकिटे, प्रत्येकावर तारीख आणि आकडा. "आज सकाळी चार," तो म्हणाला. "सहा फेब्रुवारीपासूनचे सगळे आहेत. हिनं सांगितलंय."

तपासनीसाने पाकिटे घेतली. खरोखर वाचली. सगळी. मग माझ्याकडे बघून विचारले, तुम्ही पण टपालात आहात का.

गाडी पास. शेऱ्यात एक ओळ : किंचित ओलावा, लक्ष ठेवावे. मामाने ती ओळ मला दाखवली. त्याच्या मते तो माझ्यासाठी आदेश होता.

प्रामाणिकपणे लिहायचे तर कशाने गुण आला, हे मी सांगू शकत नाही. तीन रसायने, नवे तेल, साफ जाळी, आणि केंद्रावर येताना मामाने इंजिन पाऊण तास तापवले होते. एका वेळी सहा गोष्टी बदलल्या. आमच्या प्रयोगशाळेत असा अहवाल कोणी आणला, तर मी परत पाठवीन.

२८ मार्च, शुक्रवार

२.

१४ एप्रिल, सोमवार

०. पहिल्यांदाच. "आज काहीच नाही," मामा म्हणाला. मग मी म्हणाले, एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही, चालू ठेव.

३० एप्रिल, बुधवार. अधिक ६.

शेवटचा फेरा. मी मागच्या सीटवर बसले, कारण डावीकडची पुढची जागा टपालाची. लहानपणीही मागेच बसत असे. मधल्या फटीतून पुढची पेटी आधी कोणाला दिसते, अशी आमची पैज असे. आज पैज लावली नाही, पण मला आधी दिसत होती.

पेट्यांमध्ये गोष्टी ठेवलेल्या होत्या. लोकरीचे मोजे. राय धान्याचा काळा पाव. हिवाळ्याच्या तळघरातून काढलेला बोरांचा मुरंबा. एका पेटीत एका मुलाने काढलेले गाडीचे चित्र, धुरासकट, निळ्या रंगात. मामाने पहिल्या पेटीपाशी बराच विचार केला. टपालवाल्याने पेटीतून काही काढून घ्यावे का, यावर नियम काय, हे त्याला आठवत नव्हते. शेवटी त्याने प्रत्येक वस्तू माझ्याकडे मागे दिली. "तू घे," म्हणाला. "तू नोकरीत नाहीस." माझी मांडी भरून गेली.

हिल्क्काआजी पेटीपाशी उभ्या होत्या, वेलचीचा गोड पाव आणि थर्मास घेऊन. मामा त्यांचे शेवटचे पाकीट त्यांच्या हातात देईना. पेटीत टाकून मगच बाजूला झाला. तो गाडीचे बॉनेट उघडून तेल बघू लागला, तेव्हा आजी मला हळू म्हणाल्या, "रोज सात दहाला तो माझ्या अंगणात थांबतो. इंजिन बंद करतो. 'जरा थांब हिल्क्का, मला सुवीला फोन करायचाय.' आणि आकडा सांगताना टोपी काढतो. उणे वीस असलं तरी."

कानावरच्या टोपीने नीट ऐकू येत नसावे. कारण तेच असणार.

एकशे बारावी पेटी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. आकडा ४,९४,६०२. पाच लाख झाले नाहीत. घरी आलो तर मामाने गाडी नेहमीच्या जागी लावली, इंजिन बंद केले आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसला. मी मोजे, पाव आणि मुरंबा सांभाळत मागेच बसून राहिले. पंधरा मिनिटे. घड्याळ बघितले होते.

१ मे, गुरुवार

सुटी. तळलेले गोड वडे आणि घरचे लिंबाचे पेय. मामाने तीन वडे खाल्ले आणि सांगितले, की गाडी विकायची नाही, पण आता रस्त्यावरही काढायची नाही. दुपारी आम्ही तिचे तेल पूर्ण काढले, चाकांखाली ठोकळे लावले. चेंबर कोरडा. पुसून घेतला. मी संध्याकाळी निघाले. ड्युटी होती, खरीच.

२ मे, शुक्रवार

सात दहाला फोन. "आज शून्य," मामा म्हणाला.

इंजिनात तेल नाही, हे मला ठाऊक आहे आणि त्यालाही. आकडा लिहून घेतला.

१२ मे, सोमवार

आज सात दहाला फोन आला नाही. सात अकरा, सात बारा. मी गाडीतच बसून राहिले, प्रयोगशाळेच्या आवारात, इंजिन बंद करून. सात सोळाला आला. बर्फ वितळून शेडमध्ये पाणी शिरले होते, कागद ओला झाला, म्हणून नवा अंथरून पुन्हा बघावे लागले.

"किती?" मी विचारले.

"शून्य."

"नक्की?"

"दोनदा बघितलं." मग, "सुवी, हे कधीपर्यंत करायचं होतं?"

मी सांगितले, की उन्हाळ्यात तापमान वाढल्यावर सील कसे वागते ते बघावे लागेल, आणि पुढे हिवाळ्यातही. आकड्यांची मालिका मध्येच तोडली, तर आधीच्या आकड्यांनाही अर्थ उरत नाही. जुलैचे आकडे मी स्वतः तिथे राहून घेईन म्हणाले, वरची खोली रिकामी असेल तर.

"बघतो," मामा म्हणाला. "खडू आणून ठेवतो."

आजचे थेंब : ०.